पडदा बसवताना कोणाला काय दिसतं



रेटिनाच्या ओपीडीत गेल्या काही वर्षांत एक नवा प्रश्न कानावर येऊ लागला आहे. पडदा सुटलाय, ऑपरेशन करावं लागेल, असं सांगितलं की रुग्णाचा मुलगा किंवा जावई विचारतो, "डॉक्टर, थ्रीडीवर करणार की साध्या मायक्रोस्कोपवर?" विचारण्यात काळजी असते. थ्रीडी म्हणजे अधिक सुरक्षित, अधिक अचूक, असं त्यानं कुठल्यातरी जाहिरातीत वाचलेलं असतं आणि आपल्या माणसाला काही कमी प्रतीचं मिळू नये एवढंच त्याला हवं असतं. ओपीडीच्या गर्दीत याचं उत्तर दोन मिनिटांत देता येत नाही. आज तुम्ही मला वेळ दिला आहे, म्हणून ते नीट देतो.

आधी आजार समजून घेऊ. डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून जे पातळ अस्तर असतं तो पडदा, म्हणजेच रेटिना. जाडी जेमतेम पाव मिलिमीटर. त्याच्या पुढची पोकळी सुमारे चार मिलिलिटर पारदर्शक जेलीनं भरलेली असते. वय वाढतं तशी ही जेली पाणचट होते, आकसते आणि पडद्यापासून सुटू लागते. बहुतेकांची ती विनासायास सुटते. काहींच्या बाबतीत मात्र एखाद्या जागी ती घट्ट चिकटलेली असते. तिथे ओढ बसते आणि पडदा फाटतो. डोळ्यासमोर वीज चमकल्यासारखं होतं, काळे ठिपके तरंगू लागतात. मग फाटलेल्या जागेतून पाणी पडद्यामागे शिरतं, पडदा भिंतीपासून सुटत जातो आणि रुग्णाला एका बाजूनं काळी सावली सरकत येताना दिसते. दर वर्षी दहा हजारांत साधारण एकाला हे होतं. ज्यांचा मायनस नंबर मोठा आहे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं आहे किंवा डोळ्याला मार लागलेला आहे, त्यांना धोका जास्त.

पडद्याच्या मधोमध मॅक्युला नावाची जागा आहे. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं हे सगळं तिच्या जिवावर चालतं. ती सुटायच्या आत शस्त्रक्रिया झाली तर नजर बरीचशी वाचते. ती सुटून दिवस उलटले, तर पडदा व्यवस्थित बसूनही नजर पूर्वीसारखी येईल याची हमी कोणी देऊ शकत नाही. आज मी यंत्रांबद्दल जे काही बोलणार आहे त्या सगळ्याहून ही गोष्ट मोठी आहे, म्हणून ती आधीच सांगून ठेवतो. सावली दिसली की त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं.

आता थोडा इतिहास. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पडदा सुटला म्हणजे डोळा गेला असंच धरलं जायचं. रुग्णाला आठवडेच्या आठवडे उताणं झोपवायचे, दोन्ही डोळ्यांवर पट्टी, डोकं हलू नये म्हणून दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. 1912 मध्ये डेरिक व्हेल या अमेरिकन नेत्रतज्ज्ञानं आपल्या सहकाऱ्यांकडे चौकशी केली तेव्हा हजारात एखादाच रुग्ण बरा होतो असं चित्र पुढे आलं. हेल्महोल्ट्झनं 1851 मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचं उपकरण जगापुढे ठेवलेलं होतं, म्हणजे सुटलेला पडदा डॉक्टरांना दिसत होता. त्यातलं भोक मात्र सहसा दिसत नव्हतं. दिसलं तरी ते आजाराचा परिणाम समजलं जायचं.

स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ज्यूल गोनँनं हे उलटं करून दाखवलं. भोक हेच कारण आहे, ते शोधलं आणि बंद केलं तर पडदा परत बसतो, हे त्याचं म्हणणं. रुग्णाच्या डोळ्यात तो तासन् तास पाहत बसे, पडद्याचा मोठा नकाशा काढी, भोक कुठे आहे ते मापून डोळ्याच्या बाहेरच्या बाजूवर खूण करी आणि नेमक्या त्या जागी तापलेल्या टोकानं डाग देई. वर्षानुवर्षं त्याला विरोध झाला. 1929 मध्ये ॲम्स्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याच्या पद्धतीला मान्यता मिळाली. हजारातल्या एकावरून आकडा निम्म्याच्या आसपास पोहोचला. या माणसाकडे आजच्या अर्थानं कुठलंही यंत्र नव्हतं. चिकाटी होती, कागद होता आणि आपण पाहतोय त्याचा अर्थ लावण्याची हिंमत होती.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण इथे जमलो आहोत ते आमचे शिक्षकही गोनँच्याच परंपरेतले. निवासी डॉक्टरांकडून ते प्रत्येक पडद्याचं चित्र काढून घ्यायचे: बसलेला पडदा लाल, सुटलेला निळा, भोक लाल आणि त्याला निळी कड. चित्र पुरं झाल्याशिवाय रुग्ण ओटीत जात नसे. रंगीत पेन्सिलींचा तो डबा त्यांच्या टेबलावर स्टेथोस्कोप ठेवावा तसा कायम असायचा. आमच्या पिढीला पाहायला त्यांनी असं शिकवलं, आणि पाहणं हाच आजचा विषय आहे.

पुढची पावलं भराभर सांगतो. चार्ल्स शेपेन्स हा बेल्जियन डॉक्टर. दुसऱ्या महायुद्धात खोट्या नावानं पिरेनीज पर्वतात लाकडाची गिरणी चालवून त्यानं अनेकांना गुपचूप स्पेनमध्ये पोहोचवलं. त्याच दशकात डोक्यावर बांधायचा, दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल असा ऑफ्थॅल्मोस्कोप त्यानं घडवला. त्यामुळे पडद्याचा अगदी कडेचा भाग खोलीसह दिसू लागला. रॉबर्ट मॅकेमरनं 1970 मध्ये मायामीत डोळ्याच्या आत शिरून जेली कापून काढायची बंद पद्धत, म्हणजे व्हिट्रेक्टमी, सुरू केली. पहिल्या कटरची चाचणी त्यानं आपल्या गॅरेजमध्ये अंड्याच्या पांढऱ्या बलकावर घेतली होती. तिथून पुढे रेटिना सर्जन मायक्रोस्कोपखाली कायमचा बसला. जर्मनीत मानफ्रेड श्पिट्झनासनं 1980च्या दशकात रुग्णाच्या डोळ्याला न टेकता वर टांगलेलं भिंग आणलं आणि जवळजवळ सगळा पडदा एका नजरेत येऊ लागला. या शस्त्रक्रियेत यश वाढत गेलं ते दर वेळी कोणाला तरी आधीपेक्षा जास्त दिसलं म्हणून.

मायक्रोस्कोपखालचं काम कसं चालतं ते सांगतो. रुग्ण उताणा, सर्जन त्याच्या डोक्याशी. डोळ्याच्या पांढऱ्या भागात अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची तीन छिद्रं: एकातून पाणी आत, दुसऱ्यातून प्रकाशाची बारीक नळी, तिसऱ्यातून मिनिटाला हजारो वेळा कापणारा कटर. एक पाय मायक्रोस्कोपच्या पेडलवर, दुसरा व्हिट्रेक्टमी यंत्राच्या पेडलवर. डोळे आयपीसला. हात, पाय आणि नजर तिन्ही अशी अडकलेली असताना मान आयपीस असेल तिथे न्यावीच लागते. गुंतागुंतीचा पडदा दोन-अडीच तास घेतो, आणि दिवसाला एकच केस नसते. अमेरिकेत 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेत्रतज्ज्ञांच्या एका पाहणीत निम्म्याहून अधिक जणांनी मान, खांदे किंवा कंबरेचं दुखणं असल्याचं सांगितलं. ऐन अनुभवाच्या वयात मानेच्या मणक्यामुळे ऑपरेशन सोडून दिलेले चांगले सर्जन मी पाहिले आहेत. एक सर्जन वीस वर्षांत घडतो. तो पन्नाशीत थांबला तर तोटा त्याच्या एकट्याचा नसतो.

डिजिटल, म्हणजे थ्रीडी, पद्धतीत आयपीस काढून तिथे जोड कॅमेरा बसवतात. खालचा मायक्रोस्कोप तोच, रुग्णाच्या डोळ्यावरचं भिंगही तेच. डाव्या आणि उजव्या डोळ्याची दोन चित्रं संगणक जुळवतो आणि रुग्णाच्या पायांच्या बाजूला, सर्जनपासून सव्वा-दीड मीटरवर ठेवलेल्या मोठ्या 4के स्क्रीनवर दाखवतो. पोलराइज्ड चष्मा लावला की चित्राला खोली येते. सर्जन ताठ बसून समोर पाहतो. जर्मनीतल्या क्लाउस एकार्टनी 2016 मध्ये या पद्धतीचा प्रयोगशाळेतला आणि ओटीतला अनुभव प्रसिद्ध केला, त्याच वर्षी एनजेन्युइटी हे यंत्र बाजारात आलं, आणि 2019 मध्ये झाइसचं आर्टेव्हो. झाइस म्हणजे ज्यांचा 1953चा मायक्रोस्कोप जगभरच्या ओटींत पोहोचला तीच कंपनी, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

फायदे खरे आहेत. कॅमेरा अंधुक चित्र उजळ करून घेतो, म्हणून डोळ्याच्या आत प्रकाश बराच कमी सोडून काम भागतं. तीव्र प्रकाश पडद्याला घातक ठरू शकतो, त्यामुळे ही बचत मला मोलाची वाटते. चित्र खूप मोठं करूनही पुढचं-मागचं बऱ्यापैकी स्पष्ट राहतं. मॅक्युलावरचं काही हजारांश मिलिमीटर जाडीचं आवरण निळ्या रंगानं रंगवून सोलायचं असेल तर स्क्रीनवर तो निळा ठळक करता येतो.

अडचणीही खऱ्या आहेत. हात हलला आणि स्क्रीनवर दिसला यांत थोडा अवधी जातो. सुरुवातीच्या यंत्रांत तो साधारण 70-80 मिलिसेकंद होता. पडद्याजवळच्या संथ कामात तो जाणवत नाही. बाहेरून टाका घालताना, गाठ मारताना जाणवतो, निदान सवय होईपर्यंत. बकल, म्हणजे डोळ्याला बाहेरून आवळणारा पट्टा, बसवायचं असेल तर डोळा सारखा फिरवावा लागतो. तिथे मला आजही आयपीस बरा वाटतो. बाजूला बसणाऱ्या मदतनिसाला स्क्रीनसाठी मान वळवावी लागते, म्हणजे सर्जनची मान सुटते आणि मदतनिसाची अडकते. ओटी लहान असेल तर स्क्रीन, भूलतज्ज्ञांची गाडी आणि व्हिट्रेक्टमी यंत्र कुठे ठेवायचं इथपासून सुरुवात होते.

आणि रुग्णाचं काय? दोन्ही पद्धतींची तुलना करणारे बरेच अभ्यास आता झाले आहेत. दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. राजेंद्रप्रसाद केंद्रातील डॉक्टरांनी 2018 मध्ये मॅक्युलाच्या छिद्रासाठी अशी तुलना प्रसिद्ध केली. छिद्र बुजण्यात आणि नजरेत दोन गटांत फरक निघाला नाही, प्रकाश मात्र थ्रीडीत बराच कमी पुरला. सुटलेल्या पडद्याच्या शस्त्रक्रियेतही तसंच. पहिल्याच ऑपरेशनमध्ये पडदा बसण्याचं प्रमाण साधारण 85 ते 90 टक्के; स्क्रीनवर पाहून केलं तरी तेवढंच, आयपीसमधून केलं तरी तेवढंच. उरलेल्या रुग्णांचा पडदा पुन्हा सुटतो तो बहुतेकदा नजरेतून निसटलेल्या किंवा नव्यानं पडलेल्या भोकामुळे, नाहीतर पडद्यावर वाढणाऱ्या व्रणाच्या पापुद्र्यामुळे. त्या पापुद्र्याला आपण कुठल्या यंत्रातून पाहिलं याच्याशी काही देणंघेणं नसतं.

म्हणून रुग्णाच्या नातेवाइकांना माझं उत्तर असं असतं: दोन्हीवर पडदा सारखाच बसतो. त्याऐवजी मला हे विचारा. मॅक्युला सुटली आहे का, सुटून किती दिवस झाले? भोकं किती, कुठे? आत गॅस भरणार की सिलिकॉन तेल? तेल असेल तर ते काढायला दुसरं ऑपरेशन कधी? पालथं किंवा कुशीवर किती दिवस झोपायचं? दुसरा डोळा तपासला का? आणि गॅस भरला असेल तर घरी कुठल्या रस्त्यानं जायचं, हेही विचारा. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, डोळ्यातला गॅस फुगतो आणि डोळ्याचा दाब वाढतो. विमान तर वर्ज्यच. पण मुंबईत किंवा कोकणात ऑपरेशन होऊन महाबळेश्वरकडे निघालेल्या माणसाला घाटसुद्धा धोक्याचा ठरू शकतो. हे त्याला डिस्चार्जच्या वेळी कोणीतरी बसवून सांगायला हवं.

मग स्क्रीनचा उपयोग काय? माझं आजचं म्हणणं इथे आहे. आधीच्या प्रत्येक पावलानं सर्जनला न दिसणारं दाखवलं. हे पाऊल सर्जनला एकट्याला दिसत होतं ते खोलीतल्या सगळ्यांना दाखवतं.

एक प्रसंग सांगतो. वरच्या बाहेरच्या भागात पडदा सुटलेला, भोक नेमकं सापडत नव्हतं. अशा वेळी आम्ही पाण्याहून जड असा पारदर्शक द्रव पडद्याच्या मध्यावर हळूहळू सोडतो. तो तळाशी बसतो, पडद्यामागचं पाणी कडेकडे ढकलतो आणि ते पाणी भोकातून बाहेर यायला लागतं. मागे साचलेल्या त्या पाण्यात प्रथिनं असतात. त्यामुळे ते बाहेर पडताना साध्या पाण्यात साखरेचा पाक सोडल्यावर दिसतात तशा नागमोडी रेषा दिसतात. ज्या जागेतून रेषा निघतात तिथे भोक. पाठ्यपुस्तकात हे दोन ओळींत आहे. प्रत्यक्षात त्या रेषा काही क्षण दिसतात आणि विरतात. आयपीसच्या काळात त्या मला दिसायच्या, शेजारच्या नळीतून पाहणाऱ्या शिकाऊ डॉक्टरला दिसल्या तर दिसल्या. कारण त्याच्या नळीत प्रकाशाचा एक हिस्साच जातो, आणि भिंतीवरच्या टीव्हीवरच्या सपाट चित्रात तर खोलीच नसते. "दिसलं का?" असं मी विचारायचो आणि तो "हो सर" म्हणायचा. खरंच दिसलं का, हे मला कळायचा मार्ग नव्हता.

त्या दिवशी स्क्रीनवर रेषा उठल्या तेव्हा चष्मा लावून उभी असलेली फेलो म्हणाली, "सर, साडेदहाच्या रेषेवर, शिरेच्या पलीकडे." पडद्यावरची जागा आम्ही घड्याळाच्या आकड्यांनी सांगतो. बरोबर तीच जागा होती. आणि मी मागायच्या आत सिस्टरनी माझ्या हातावर फ्लूट नीडल, म्हणजे द्रव शोषून घ्यायची सुई, ठेवली, कारण द्रवाची पातळी कुठवर आली आहे ते त्यांनाही दिसत होतं. या सिस्टर कैक वर्षं ओटीत उभ्या आहेत. सुटलेला, सुरकुतलेला, करडा पडदा हळूहळू सपाट होत भिंतीला टेकतो, ते खोलीसह पाहायची त्यांची पहिलीच वेळ होती. केस संपल्यावर त्या नुसत्या म्हणाल्या, "आता कळलं सर, तुम्ही एवढे गप्प का होता ते." पुढच्या केसेसमध्ये मला उपकरणं मागावी लागणं खूप कमी झालं.

शिकण्याच्या बाबतीत याचा अर्थ मोठा आहे. हात शिकवता येतात. पाहणं शिकवणं फार कठीण, कारण शिक्षकाला जे दिसतं ते विद्यार्थ्याला दिसत नाही. स्क्रीनवर दोघांना एकच चित्र, तीच खोली, तोच क्षण. विद्यार्थ्याच्या हातात कटर असताना शिक्षक त्याच्या खांद्यावरून पाहतो आणि पडद्याला लागायच्या आधी "थांब" म्हणू शकतो. त्यात शिकाऊ डॉक्टरपेक्षा रुग्ण जास्त वाचतो. शस्त्रक्रिया खोलीसह रेकॉर्ड होते, म्हणून दुसऱ्या दिवशी तीच केस थांबवून, मागे नेऊन पाहता येते.

आणि इथेच मला खंत वाटते. अशी यंत्रं आपल्याकडे मुख्यतः मोठ्या शहरांतल्या खाजगी रुग्णालयांत येतात. तिथे एक अनुभवी सर्जन असतो, शिकणारा क्वचितच असतो, आणि अंदाजपत्रकात थ्रीडीसाठी वेगळी रक्कम मांडलेली असते. जी गोष्ट पडदा बसण्याची शक्यता वाढवत नाही तिच्यासाठी रुग्णाकडून जादा पैसे घेणं मला मान्य नाही. सर्जनची मान वाचते तर तो खर्च रुग्णालयानं सोसावा. आपल्या सर्जनचं कामाचं आयुष्य टिकवण्याची ती गुंतवणूक आहे. रुग्णाला त्याची झळ लागता कामा नये.

दुसरीकडे, विदर्भ-मराठवाड्यातून पडदा सुटलेला माणूस आजही मोठ्या शहराची एसटी किंवा रेल्वे पकडतो, कारण जवळपास हे ऑपरेशन करणारा कोणी नसतो. पोहोचेपर्यंत मॅक्युला सुटलेली असते. त्याला स्क्रीन नको आहे. आपल्या जिल्ह्यात किंवा शेजारच्या जिल्ह्यात चांगला हात असलेला रेटिना सर्जन हवा आहे, मग तो जुन्या मायक्रोस्कोपवर का काम करेना. आणि तसे सर्जन भराभर आणि नीट तयार करायचं साधन म्हणून ही स्क्रीन मला सर्वांत मोलाची वाटते. म्हणजे ती आधी जायला हवी ती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत आणि निवासी डॉक्टर शिकतात अशा धर्मादाय रुग्णालयांत.

यासाठी काही अवघड करावं लागणार नाही. खरेदीचा प्रस्ताव जाताना हे यंत्र प्रशिक्षणाचं साधन म्हणून मागावं आणि निवडणाऱ्या समितीत शिकवणाऱ्याला आणि ओटीच्या सिस्टरला बसवावं. आयपीस काढून टाकू नयेत, कारण शिकून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरला तालुक्याच्या गावी मायक्रोस्कोपच मिळणार आहे. दोन्हीवर त्याचा हात बसला पाहिजे. रुग्णाची लेखी संमती घेऊन, ओळख काढून, प्रत्येक केसचं रेकॉर्डिंग विभागात ठेवावं आणि जिल्ह्यांतल्या नेत्रतज्ज्ञांना ते पाहायला बोलवावं. त्यात न बसलेल्या पडद्यांचीही रेकॉर्डिंग असावीत, किंबहुना तीच आधी लावावीत.